वाचकांचे प्रश्न : मोठी बोट ट्रेलरवरून उतरवताना आणि चढवताना

सहा-सात मीटरच्या पुढची बोट ट्रेलरवर नेणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. चार मीटरची हलकी बोट तिरकी बसली तर दोघं जण हाताने ढकलून सरळ करतात. दोन टनांच्या बोटीपुढे हाताचं बळ चालत नाही, तिथे पाण्याकडूनच काम करून घ्यावं लागतं. आलेल्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी एकच चूक दिसते: बोटीचं वजन या क्षणी पाण्यावर आहे की ट्रेलरवर, याचा अंदाज चुकतो. म्हणून खोलीच्या प्रश्नाला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : माहितीपत्रकात बोटीचं वजन १४०० किलो दिलं आहे आणि आमची गाडी २००० किलो ओढू शकते. एवढं पुरेल ना?

पुरणार नाही. माहितीपत्रकातला आकडा बहुतेक वेळा कोरड्या, रिकाम्या बोटीचा असतो आणि त्यात इंजिन धरलं आहे की नाही तेही तपासावं लागतं. तुमच्या बोटीची बेरीज करून पाहू. बोट १४००. २०० अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन त्याच्या सामानासह २५० धरा. २५० लिटर पेट्रोल, लिटरला पाऊण किलोच्या हिशेबाने, साधारण १८५. पिण्याचं पाणी ८०. नांगर, साखळी, बॅटऱ्या, जॅकेटं, दोर आणि इतर सामान मिळून १५० तरी होतंच. झाले २०६५ किलो. दोन एक्सलचा ट्रेलर स्वतः ६५० च्या आसपास भरतो. म्हणजे गाडीच्या हुकामागे २७०० किलो. टाकी भरलेली असताना एकदा वजनकाट्यावर तोलून घ्या, अंदाजावर राहू नका.

दुसरा आकडा हुकावर खाली दाबणाऱ्या भाराचा. एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत १३५ ते २७० किलो भार हुकावर हवा. कमी पडला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलायला लागतो. जास्त झाला तर गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल लागतं. गाडीच्या हुकाची स्वतःची मर्यादाही यात पाळायची आहे.

घरच्या वजनकाट्यावर एवढा भार थेट मोजता येत नाही, पण एक मजबूत फळी घेतली की जमतं. फळीचं एक टोक विटेवर आणि दुसरं काट्यावर ठेवा, दोन टेकूंमधलं अंतर ९० सेंटिमीटर ठेवा. फळीसकट काटा शून्यावर आणा. ट्रेलरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावून, विटेपासून ३० सेंटिमीटरवर ट्रेलरचं तोंड टेकवा. काट्यावर दिसेल त्याच्या तिप्पट तुमचा भार. तो बदलायचा असेल तर ट्रेलरच्या पुढच्या टोकाशी असलेला विंचचा (हँडल फिरवून पट्ट्याने बोट ओढणाऱ्या चरकाचा) खांब पुढे-मागे सरकवतात. एक्सल आणि हुक यांत ५ मीटर अंतर असेल, तर ही बोट १० सेंटिमीटर पुढे घेतल्यावर हुकावर सुमारे ४० किलो वाढतात. मात्र पुढे घेताना बोटीची मागची उभी भिंत, म्हणजे ट्रान्सम, आधाराच्या शेवटच्या टोकावरच राहील हे पाहा. आणि मागे घेताना ट्रान्सम आधाराबाहेर लोंबला, तर इंजिनाच्या वजनाने काही महिन्यांत बोटीच्या तळाला कायमचा बाक येऊ शकतो.

प्रश्न : बोट कधी ट्रेलरच्या पुढच्या रबरी थांब्यापर्यंत येतच नाही, कधी तिरकी बसते. कधी रॅम्पवर, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या सिमेंटच्या उतारावर, नीट बसलेली दिसते, पण सपाटीवर आल्यावर थांब्यापासून चार बोटं मागे गेलेली असते. ट्रेलर नेमका किती पाण्यात घालायचा?

तिन्ही तक्रारी खोलीच्याच आहेत. पहिलीत ट्रेलर पाण्यात कमी गेला आहे, उरलेल्या दोन्हींत जास्त.

ज्या ट्रेलरवर बोट गालिचा चढवलेल्या दोन लांब फळ्यांवर, म्हणजे बंकांवर बसते, त्याचं पाहू. आधी ट्रेलर इतका मागे घ्या की बंक पूर्ण भिजतील, कारण कोरडा गालिचा बोटीला धरून ठेवतो आणि ओला सोडतो. मग पुढे येऊन बंकांचा पुढचा एक तृतीयांश भाग पाण्याबाहेर काढा. बहुतेक ट्रेलरांत या वेळी चाकांच्या मडगार्डचा वरचा काठ पाण्याला जेमतेम टेकलेला असतो. सुरुवातीचं माप हेच धरायचं.

यापेक्षा खोल गेलात तर काय होतं? बोट पूर्ण तरंगते. तिला मधोमध आणणारी एकच गोष्ट असते, बंकांमधली खोबण, आणि तिला तर बोट टेकलेलीच नसते. वारा तिला एका अंगाला सारतो. तुम्ही ट्रेलर ओढता आणि त्या क्षणी बोट जिथे असेल तिथेच खाली बसते. विंच कितीही आवळलेला असला तरी तो फक्त नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक धरतो, मागची बाजू मोकळीच राहते.

तिरक्या बसलेल्या बोटीला सपाटीवर आणून पट्ट्यांनी ओढत सरळ करू नका. पुन्हा मागे जा, मागची बाजू तरंगू द्या, मधोमध आणा आणि हळू बाहेर या.

आता ती चार बोटांची फट. तीव्र उतारावर ट्रेलरचं पुढचं टोक वर उचललेलं असतं, पण तरंगणारी बोट पाण्याबरोबर आडवी राहते. म्हणजे ट्रेलरच्या मानाने ती नाक खाली घालून उभी असते. त्या स्थितीत नाळ रबरी थांब्याला घट्ट लागलेली दिसते. ट्रेलर बाहेर येऊ लागला की मागची बाजू बंकांवर उतरते, नाळ वर उचलली जाते आणि त्याबरोबर थोडी मागे सरकते. फट अशी तयार होते. याहून वाईट म्हणजे नाळेवरची लोखंडी कडी थांब्याच्या खाली अडकलेली असेल, तर नाळ वर येताना विंचचा खांबच वाकवते. बाहेर ओढण्याआधी ती कडी थांब्याच्या खाली गेलेली नाही ना, हे दर वेळी नजरेने पाहा.

उपाय: तीव्र उतारावर ट्रेलर थोडा कमी बुडवा, मडगार्ड ५ ते १० सेंटिमीटर पाण्याबाहेर राहू दे. मग मागची बाजू आधीच बंकांना टेकलेली असते. तरीही फट आलीच तर मागची बाजू अर्धवट पाण्यात असतानाच थांबा, हँडब्रेक लावा आणि उरलेले काही सेंटिमीटर विंचने घ्या. सपाटीवर जोरात ब्रेक मारून बोट पुढे सरकवण्याची युक्ती काही जण सांगतात. दोन टन वजन खांबावर आदळवणं आहे ते. कृपा करून करू नका.

उथळ उतारावरची अडचण उलटी असते. बंक जमिनीपासून ५५ सेंटिमीटर उंच आणि बोटीला तरंगायला ४५ सेंटिमीटर पाणी लागत असेल, तर ट्रेलरच्या शेपटाशी १ मीटर खोली हवी. १५ टक्के उताराच्या रॅम्पवर ही खोली पाण्याच्या काठापासून पावणेसात मीटरवर मिळते. ८ टक्क्यांच्या रॅम्पवर तेच अंतर साडेबारा मीटर होतं. हुकापासून शेपटापर्यंत तुमचा ट्रेलर ८ मीटर असेल, तर पहिल्या ठिकाणी गाडी कोरडी राहते आणि दुसऱ्या ठिकाणी तिची चारही चाकं पाण्यात जातात. साधारण १२ ते १५ टक्के उतार मोठ्या बोटीला सर्वांत सोयीचा. उथळ जागी भरतीची वाट पाहा किंवा ट्रेलरचा दांडा लांब करणारी सरकती नळी बसवून घ्या.

पाणी कमी पडलं आणि बोट थांब्यापासून मीटरभर मागे अडली, तर विंचच्या हँडलवर अंगाचा भार टाकण्यात अर्थ नाही. ट्रेलर ३० सेंटिमीटर मागे घ्या, पुन्हा ओढून पाहा. नेमकी खोली सापडली की ट्रेलरच्या मागच्या उभ्या दांड्यांवर पाण्याच्या रेषेशी रंगीत टेप लावा. वेगळ्या रॅम्पसाठी वेगळ्या रंगाची टेप. पुढच्या वेळी आरशात पाहून थांबता येतं.

बंकांऐवजी फिरत्या रोलरांवर बोट बसते त्या ट्रेलरला याहून बरंच कमी पाणी लागतं, पण त्याचा धोका पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : पाण्यात उतरवताना विंचचा पट्टा आणि सुरक्षा साखळी कधी सोडायची? रांग असते, म्हणून आम्ही वरच सगळं सोडून ठेवतो.

सगळं सोडायचं नाही. मागचे दोन आवळपट्टे, झाकण, इंजिनाला प्रवासात दिलेला टेकू हे वर सपाटीवर काढा. तळातलं बूच तिथेच घट्ट बसवा आणि हात लावून खात्री करा. नाळेला आणि मागच्या कडीला एकेक लांब दोर बांधून बोटीत मोकळा ठेवा. इंजिन वर उचललेलं असू दे. पण विंचचा पट्टा आणि साखळी बोटीची मागची बाजू तरंगेपर्यंत तशीच राहिली पाहिजेत. रोलरवरची बोट उतार लागताच स्वतःच्या वजनाने निघते आणि सिमेंटवर आपटते. गुळगुळीत प्लास्टिकच्या पट्ट्या मारलेले बंक असतील तर तीही तशीच निसटते.

मागची बाजू तरंगली, इंजिन खाली सोडून पाणी शोषून घेणाऱ्या जागेपर्यंत बुडलं, की बोट ट्रेलरला बांधलेली असतानाच इंजिन सुरू करा. थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार बाहेर पडते का पाहा, तळात पाणी येतंय का पाहा. आत बसवलेलं पेट्रोल इंजिन असेल तर सुरू करण्याआधी कप्प्यातला ब्लोअर, म्हणजे आतली हवा बाहेर काढणारा पंखा, किमान ४ मिनिटं चालवा, कारण साचलेली पेट्रोलची वाफ ठिणगीने पेट घेते. इंजिन नीट चाललं नाही तर गाडी पुढे घेतली की झालं. बोट सोडल्यावर हे लक्षात आलं तर मात्र वल्ह्यांवर यावं लागतं.

सगळं ठीक असेल तर आधी साखळी काढा. मग विंच एक-दोन दाते आवळून खटका मोकळा करा आणि हँडल हातात घट्ट धरून पट्टा ढिला करा. वजन लटकत असताना खटका उडवून हँडल सोडलं तर ते पंख्यासारखं फिरतं आणि मनगट मोडतं.

प्रश्न : आडवा वारा आणि पाण्याची ओढ असताना बोट ट्रेलरवर आणायची कशी? काही जण इंजिनाच्या जोरावर सरळ वर चढवतात. ते योग्य आहे का?

वाऱ्यात ट्रेलर नेहमीपेक्षा थोडा कमी बुडवा. नाळ लवकर खोबणीत टेकते, आणि एकदा टेकली की मागची बाजू दोराने सावरता येते. बोटीची रेषा ट्रेलरच्या मध्यावर न धरता वारा येतो त्या बाजूला अर्धा मीटर धरा, वारा तिला मध्यावर आणून सोडतो. वेग स्टिअरिंगला दाद देईल इतकाच. रॅम्पशेजारी बोट लावायचा धक्का असेल तर एक जण वाऱ्याच्या बाजूने मागचा दोर धरून उभा राहू दे. ट्रेलरच्या मागे दोन उभे दांडे नसतील तर बसवून घ्या, बोट आणि दांडे यांत दोन्ही बाजूंना तीन-चार सेंटिमीटर मोकळीक पुरते. मोठ्या बोटीसाठी एवढा उपयोगी दुसरा जोड नाही. ओढ जोराची असेल तर भरती-ओहोटीच्या मधली पाणी थांबलेली वेळ साधा. आणि निवड करता येत असेल तर बोट चढत्या पाण्यावर काढा. ट्रेलर अडकला तरी थोड्या वेळाने पाणीच मदतीला येतं. ओसरत्या पाण्यावर अडकलात तर बोट उघडी पडते.

इंजिनाच्या जोरावर वर चढवू नका. पंख्याचा झोत रॅम्पच्या टोकापलीकडची वाळू-माती उपसतो. सिमेंट संपतं तिथे खड्डा पडतो आणि उपसलेल्या मातीचा ढीग मागे साचतो. पुढे कुणाच्या तरी ट्रेलरची चाकं त्या कडेवरून खाली जातात आणि वर ओढताना एक्सल सिमेंटला अडकून वाकतो. ओहोटीला येणारी बोट त्या ढिगावर टेकते. अनेक रॅम्पवर याला मनाई असते ती याच कारणाने. नाळ बंकात शिरेपर्यंत सावकाश या, इंजिन बंद करा, पट्टा अडकवा, शेवटचा मीटर विंचने घ्या. ओढताना पट्ट्याच्या सरळ रेषेत कुणी उभं राहू नये. बोट बसली की साखळी लावा आणि इंजिन वर उचला, मगच गाडी हलवा.

प्रश्न : बोट चढवल्यावर गाडीची चाकं जागेवरच फिरतात. काय करावं?

पहिल्या उत्तरातल्या हिशेबाचे २७०० किलो १५ टक्के उतारावर सुमारे ४०० किलोच्या जोराने मागे खेचतात. २००० किलोची गाडी स्वतः आणखी ३०० ने. हा सगळा जोर भरतीच्या रेषेखालच्या शेवाळावर चाकांना पेलायचा आहे. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी इथे सर्वांत आधी हरते, कारण उतारावर आणि हुकावरच्या भारामुळे वजन मागे गेलेलं असतं. चार चाकांची ओढ असेल तर ती लावा, लहान गिअरमध्ये टाका आणि अगदी हळू निघा. चाक फिरू लागलं की लगेच पाय काढा. फिरणारं चाक शेवाळ आणखी गुळगुळीत करतं. माणसं आणि जड सामान बोटीतून उतरवा. तळात १०० लिटर पाणी साचलेलं असेल तर ते १०० किलोच आहेत, आधी पंपाने काढा. कडक खराट्याने चाकांपुढचा पट्टा घासला तर आश्चर्य वाटावं इतका फरक पडतो.

दुसरी गाडी लावायची असेल तर दोर दोन्ही गाड्यांच्या मूळ ओढकडीला बांधा, हुकाच्या गोळ्याला नव्हे. झटका बसला तर गोळा तुटून गोळीसारखा उडतो. दोराच्या दुप्पट लांबीच्या आत माणूस नको.

रॅम्पवर उभं राहण्याचाही क्रम आहे. ऑटोमॅटिक गाडीत पायाचा ब्रेक दाबून न्यूट्रल, मग हँडब्रेक, मग पाय सैल करून वजन हँडब्रेकवर बसू द्यायचं, आणि शेवटी पार्क. थेट पार्कमध्ये टाकलंत तर सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खटक्यावर लटकतं. चाकांखाली ठोकळे लावा, त्यांना दोर बांधून ठेवा म्हणजे निघताना राहून जात नाहीत. मागे घेताना गाडीत चालकाशिवाय कुणी नको. काचा खाली आणि सीटबेल्ट सोडलेला असावा.

प्रश्न : दिव्यांची वायर काढून ट्रेलर मागे घेतला की त्याचे ब्रेक आवळले जातात.

तुमच्या ट्रेलरला दाबाने लागणारे डिस्क ब्रेक असणार. गाडीने मागे ढकललं की ट्रेलरचं तोंड आत दाबलं जातं आणि ब्रेक लागतात. ते होऊ नये म्हणून एक विजेचा झडप असतो, तो गाडीच्या मागे जाण्याच्या दिव्याच्या वायरवर चालतो. वायर काढली की तोही बंद. पूर्ण सीलबंद एलईडी दिवे असतील तर वायर जोडलेलीच ठेवा. जुने बल्ब असतील तर ते तापलेले असताना गार पाण्यात तडकतात, म्हणून वायर काढावी लागते. मग हाताने लावायची अडखीळ वापरा. ती रस्त्याला लागण्याआधी काढायला विसरलात तर ट्रेलरला ब्रेकच राहणार नाहीत.

प्रश्न : स्थिर कील (तळाखाली कायमचा जोडलेला वजनदार उभा पंख) असलेली शिडाची बोट रॅम्पवरून उतरवता येते का?

येते, पण खोलीचं गणित पाहा. कील १.२ मीटर खोल आणि ट्रेलरवरचा तिचा आधार जमिनीपासून ४० सेंटिमीटर वर, म्हणजे तिथे १.६ मीटर पाणी हवं. १२ टक्के उतारावर ते काठापासून १३ मीटर आत मिळतं. लांब सरकता दांडा असल्याशिवाय शक्य नाही, आणि रॅम्पचं सिमेंट तेवढं लांब आहे का हे ओहोटीला पाहून या. नाही तर क्रेन बरी. वर उचलता येणारी कील असेल तर तिचं वजन प्रवासात तारेवर लटकत ठेवू नका, ट्रेलरवर टेकवा. डोलकाठी उभी करण्याआधी वर विजेच्या तारा नाहीत ना ते पाहा. ॲल्युमिनियमची काठी तारेला टेकली तर जवळ उभ्या असलेल्या कुणाचाही जीव जाऊ शकतो.

प्रश्न : दर मोसमात चाकांची बेअरिंगं खराब होतात. ग्रीस भरपूर भरतो, तरीही.

लांबून आल्यावर हब, म्हणजे बेअरिंग बसतं तो चाकाचा मधला भाग, तापलेला असतो. तो तसाच पाण्यात गेला की आतली हवा एकदम आकसते आणि ऑइल सीलच्या कडेतून पाणी आत ओढून घेते. खारं पाणी असेल तर काही आठवड्यांत रोलरांवर गंज चढतो. पोहोचल्यावर अर्धा तास थांबा. आवळपट्टे, दोर, बूच ही कामं याच वेळात होतात. हबला हात लावून तो गार लागला की मगच पाण्यात जा.

ग्रीस भरपूर भरणं हे कदाचित तुमच्या त्रासाचं दुसरं कारण आहे. स्प्रिंगच्या टोपीचा हब असेल तर टोपी थोडी बाहेर सरकली की थांबायचं. त्यापुढे दाबलेलं ग्रीस मागचं सील फोडून बाहेर पडतं आणि पाण्याला वाट मोकळी होते. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले तर सील गेलं आहे असं समजा. ग्रीस पाण्याला टिकणारं, बोटींच्या ट्रेलरसाठीचंच हवं.

परतताना रॅम्पच्या वर, नाळ अजून उंच असतानाच बूच काढा, म्हणजे तळातलं पाणी आपोआप निघून जातं. आवळपट्टे लावा, दिवे तपासा. १५ किलोमीटरवर एकदा थांबून प्रत्येक हबला हात लावा. एक हब बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर तिथलं बेअरिंग किंवा ब्रेक अडकतोय, तो पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. घरी पोहोचल्यावर ब्रेक, स्प्रिंगा, विंच आणि चौकटीच्या नळ्यांची आतली बाजू गोड्या पाण्याने धुवा. चाक काढून पुन्हा बसवलं असेल तर ८० किलोमीटरनंतर नट पुन्हा ठरलेल्या ताणावर आवळा.